खारोबाचा कौल

खारोबाचा भंडारा आणि पालिकेची स्थळपाहणी एकाच रविवारी आली, आणि ती चुलतसासऱ्याने, म्हणजे बाळकाकाने, मुद्दाम आणली, हे दर्शनाचं मत आजही बदललेलं नाही. बाळकाकाचं म्हणणं, देवाचा दिवस तिथीवर ठरतो, पालिकेच्या इंजिनिअरच्या सवडीवर नाही. आता खारोबाला तिथी कुणी दिली आणि कधी दिली, हे विचारायची मढवींच्या घरात सोय नव्हती. मागच्या वर्षी तर भंडारा चांगला महिनाभर पुढे गेला होता, कारण काकाचा आचारी टिटवाळ्याच्या एका लग्नात अडकला होता. दर्शनाने हे बोलून दाखवलं. त्यावर काका म्हणाला, तू डोंबिवलीची, तुला आमच्या देवाचं काय कळणार. ती लग्न होऊन या घरात आली, दोन मुलं झाली, घरातले गौरी-गणपती एकटीने अंगावर घेतले, पण वाद हातातून निसटायला लागला की ती लगेच डोंबिवलीची व्हायची.

खारोबाची जागा कोलशेतला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या कारखान्याची भिंत संपते तिथे. एके काळी मढवींचं मिठागर. दर्शनाचे आजेसासरे धाकू मढवी यांनी ती पालिकेला दिली तेव्हा नकाशात तिच्यावर लिहिलं गेलं, जलतरण तलाव. त्यानंतर आजूबाजूला टॉवर उभे राहिले, टॉवरमध्ये माणसं आली, त्यांची पोरं मोठी होऊन परदेशी गेली, धाकू मढवी वारले, पण तलाव काही नकाशातून खाली उतरेना. तलाव समितीची माणसं प्रभाग कार्यालयात जायची, साहेब मिटिंगला गेलेले असायचे. मग साहेब बदलायचे. नवे साहेब विचारायचे, कुठला तलाव? एकदा समितीने शाळेतल्या मुलांना पोहायचे चष्मे लावून कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसवलं. पेपरात मोठा फोटो आला. फोटोखालच्या बातमीत आयुक्तांनी सकारात्मक प्रतिसाद दिला. सकारात्मक हा शब्द ऐकला की दर्शनाच्या कपाळावर आजकाल आपोआप आठ्या पडतात.

समिती म्हणजे दर्शना आणि टॉवरमधले मधुकाका. बाकीचे फक्त ग्रुपवर अंगठे दाखवत. मधुकाका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याचे, आणि पालिकेतल्या शिपायाशीसुद्धा "आपली काही हरकत नसेल तर" असं सुरू करणारे. शिपायाची नेहमी हरकत असायची.

समिती निघाली कशी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. दोन उन्हाळ्यांपूर्वी बाळकाकाचा हर्षित कॉलेजच्या मित्रांबरोबर खदानीच्या पाण्यात उतरला. पोहता कुणालाच येत नव्हतं. खाडीकाठच्या मढवींचा मुलगा आणि पोहता येत नाही, हे ऐकून म्हातारी माणसं तोंडात बोट घालायची, पण खाडीत आता उतरतो कोण? हर्षित खाली गेला. शेजारी पोकलेन मशीनवरचा माणूस डबा खात बसला होता, त्याने उडी मारून त्याला ओढून काढलं आणि तो ओल्या कपड्यांनीच परत कामाला गेला. हर्षितला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. काका हॉस्पिटलातून उठला तो थेट खारोबापुढे जाऊन बसला, आणि पोराने डोळे उघडल्याचा फोन आला तेव्हाच तिथून हलला. महिन्याभरात खारोबाला संगमरवरी लाद्या, पत्र्याची शेड आणि पंखा आला. त्याच महिन्यात दर्शनाने समिती काढली. ती लहानपणी डोंबिवलीत तलावावर पोहायला शिकलेली होती, आणि आपल्या घरातलं पोर पोहता येत नाही म्हणून पाण्यात बुडावं याचा तिला अजूनही राग होता. एका अपघातातून घरात या दोन गोष्टी निघाल्या. आणि आता काकाची शेड दर्शनाच्या तलावाच्या बरोबर मधोमध उभी होती.

पालिकेचे लोक मार्चएंड म्हणून रविवारीही फिरत होते. इंजिनिअरने फोनवर साफ सांगितलं होतं: जागेवर वाद नाही असं त्याच्या पंचनाम्यात आलं तर तलावाचं काम यंदा धरता येईल. वाद आहे असं आलं तर तरतूद दुसऱ्या प्रभागाला जाईल, आणि गेलेली तरतूद परत आलेली त्याने तरी अजून बघितलेली नाही. म्हणजे रविवारी काय ते व्हायचं होतं. दर्शना सकाळी मधुकाकांना आणि वीसेक रहिवाशांना घेऊन तिथे पोचली, तर रस्त्यापासून शेडपर्यंत मांडव, स्पीकरवर भक्तिगीतं, चुलीवर वांग्याच्या भाजीची पातेली, आणि कमानीवर फ्लेक्स: श्री खारेश्वर महाराज. गावठाणात त्याला खारोबाच म्हणायचे. खारेश्वर महाराज हे टॉवरवाल्यांनी केलेलं बारसं. त्यातले काही समितीतही होते. दर्शनाने त्यांच्याकडे पाहिलं तर ते फ्लेक्सकडे पाहू लागले.

आता शिवरामचं सांगायला हवं. शिवराम म्हणजे दर्शनाचे सासरे, बाळकाकाचे थोरले भाऊ. त्यांना येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. त्यांनी टॉवरमध्ये सांगितलं होतं, तलाव झाला म्हणून समजा. गावठाणात सांगितलं होतं, देवाला हात लावायची कुणाची हिंमत आहे. दोन्ही वेळा ते मनापासून बोलले होते, ही त्यांची खरी अडचण. समोर जो असेल त्याचं त्यांना खरोखर पटायचं. मांडवात ते पांढऱ्या कपड्यांत आले, आधी रहिवाशांना नमस्कार केला, मग खारोबाला, आणि मग दोघांच्या मध्ये कुठे उभं राहावं ते न कळल्यामुळे पातेल्यांपाशी जाऊन भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारू लागले. घरून निघताना त्यांनी सुनेला सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस, मी बाळला समजावतो. आता मांडवातली गर्दी पाहून त्यांच्या डोक्यात मतांचा हिशेब फिरला, आणि दर्शनाला तो त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता आला.

"बाबा, तुम्ही काकांशी बोललात?"

"बोलतो ना. जरा गर्दी कमी होऊ दे."

"गर्दी कमी होणार नाही. जेवण आहे."

इंजिनिअर आला तो पोरगेलाच होता, विनीत नावाचा, पाठीवर सॅक, हातात टेप. त्याने नकाशा उघडला, शेडकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं, आणि ही शेड कुणाची, असं विचारलं. रहिवाशांनी दर्शनाकडे पाहिलं, दर्शनाने शिवरामकडे, शिवरामनी बाळकडे, आणि बाळकाकाने देवाकडे. शेड देवाची, काका म्हणाला. विनीत म्हणाला, ते ठीक आहे, पण हलवायची झाली तर परवानगी कुणाची घ्यायची? त्यावर मांडवातल्या पंधरा माणसांनी एकदम उत्तर दिलं आणि कुणाचंच ऐकू आलं नाही. मधुकाकांनी हात वर करून आपली हरकत नसेल तर असं सुरू केलं. स्पीकरवाल्याने आवाज वाढवला.

तेव्हा शिवरामना ती कल्पना सुचली. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातून ज्या कल्पना निघाल्या त्यांत ही सर्वांत भयंकर, असं दर्शनाने त्या क्षणी ठरवून टाकलं. शिवराम म्हणाले, वाद कशाला, देवालाच विचारू. कौल लावू. देव उठायला तयार असेल तर तसं सांगेल, नसेल तर तसं सांगेल, आणि जे सांगेल ते सगळ्यांना मान्य. गावठाणाने लगेच मान डोलावली, कारण कौल नको असं कोण म्हणणार? आणि शिवरामच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्याचं समाधान आलं, कारण आता निर्णय त्यांचा नव्हता.

"तलाव व्हावा की नाही हे ज्याच्या जागेवर तलाव व्हायचाय त्यालाच विचारायचं," दर्शना मधुकाकांना म्हणाली. "त्याचं मत काय असणार?"

कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मान पुजाऱ्याचा, म्हणजे बाळकाकाचा. काकाने आंघोळ केलेली होती, उपास होता, त्याने कळ्या पाण्यात बुडवल्या, लावल्या, आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. स्पीकर बंद झाला. सगळे उभे राहिले. विनीतने, पालिकेच्या इंजिनिअरने, बूट काढले आणि हात जोडले. दर्शना त्याच्याकडे पाहतच राहिली. तो हळूच म्हणाला, मॅडम, होऊन जाऊ दे, नंतर आमच्यावर यायला नको.

कळ्या पडेनात.

मधुकाकांनी मध्येच विचारलं की उजवी म्हणजे देवाची उजवी की आपली. त्यावर गावठाणात दोन तट पडले. एका म्हाताऱ्याने सांगितलं देवाची, दुसऱ्याने सांगितलं, आमच्याकडे कायम बघणाऱ्याची. हा वाद मिटेपर्यंत कळ्या पडू नयेत म्हणून सगळे प्रार्थना करू लागले. मिटला, देवाची असं ठरलं, तरी कळ्या होत्या तिथेच. कुणी म्हणालं पंखा बंद करा. पंखा बंद केला. कुणी म्हणालं बंद केल्यावर पडतील कशा, लावा. पंखा लावला. मग दर्शनाच्या लक्षात आलं. काकाने पहाटे भंडाऱ्यासाठी देवाला नवा शेंदूर दिला होता, तेलात कालवलेला, जाडच्या जाड. तो अजून ओला होता. त्या शेंदरात कळ्याच काय, नारळ लावला असता तरी पडला नसता.

तिने ते सांगितलं. काका देवाकडेच बघत म्हणाला, देव विचार करतोय. पातेल्यातली भाजी निवत होती, पोरांना भूक लागली होती, विनीत दोनदा घड्याळ पाहून झाला होता, आणि देव विचार करत होता. दर्शनाला वाटलं, आपण ओरडू. ती ओरडली नाही, कारण सुनेने मांडवात ओरडलं की पुढची दहा वर्षं तेवढंच लक्षात राहतं.

हर्षित पत्रावळ्या वाटत होता. त्याने ओझं खाली ठेवलं आणि बापासमोर येऊन उभा राहिला. तो घरात फारसा बोलत नसे. त्या उन्हाळ्यापासून तर जास्तच गप्प. बापाने त्याला खाडीच्या धक्क्यावर फिरायला जायलासुद्धा बंदी घातली होती, आणि मित्र त्याला त्यावरून चिडवायचे, हे दर्शनाला माहीत होतं, काकाला नव्हतं.

"पप्पा, हे माझ्यावरूनच चाललंय ना? मग मला विचारा. मला पोहायला शिकायचंय."

"पाण्याचं नाव काढायचं नाही. सांगितलंय ना एकदा."

"आयुष्यभर?"

"हो. आयुष्यभर."

"मग मला वाचवलं कशाला त्याने," हर्षित खारोबाकडे मान करून म्हणाला, आणि बाळकाकाचा हात वर गेला. शिवरामनी तो धरला. बायकांनी हर्षितला मागे ओढलं, जेवायच्या ओळी मोडल्या, टॉवरवाल्या एका बाईंनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, आणि गावठाणातल्या दुसऱ्या बाईंनी तो हिसकावला. दहा मिनिटं नुसता गोंधळ. काका म्हणाला, दर्शनाने पोराचे कान भरले. दर्शना म्हणाली, भरायला आधी तुम्ही त्याच्याशी बोलता का कधी. शिवरामनी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं आणि दोघांनीही त्यांना सांगितलं, तुम्ही मध्ये पडू नका. विनीतने बूट घातले. त्याने सॅकमधून पंचनाम्याचा कागद काढला, पेनचं टोपण काढलं, आणि दर्शनाकडे न बघता म्हणाला, "मॅडम, माझा नाइलाज आहे. हा वादच आहे."

सगुणाबाई इतका वेळ मांडवाच्या खांबापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. धाकू मढवींची बायको, शिवराम आणि बाळची आई. ऐंशी ओलांडलेल्या, पण डोळे तेज. त्यांना हे सगळं पाहून हसू येत होतं आणि हसायची चोरी होती. कारण खारोबा कोण, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

जागा पालिकेला दिल्यावर तिथे बिल्डरांचे डंपर यायला लागले होते. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रोज येऊन पडायचा. धाकू पालिकेत खेटे घालून दमला. तिथले म्हणायचे, बघतो. म्हातारा म्हणायचा, मी ही जागा पाण्यासाठी दिली, खाडीचं पाणी होतं, आता गोडं येऊ दे, पण त्यात विटा कुणी टाकायला सांगितल्या? एका सकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या नखांत शेंदूर होता. सगुणाने विचारलं तर तो ठसका लागेपर्यंत हसला. म्हणाला, पालिका नाही राखत, तर दुसरा राखणदार ठेवलाय, याला पगार नको. मिठागराच्या उघाडीवर, भरतीचं पाणी अडवायच्या त्या फळीवर, दाब म्हणून एक काळा दगड असायचा. तोच आणून त्याने मधोमध रोवला होता. त्या दिवसापासून एकही डंपर आत आला नाही. पहिला नारळ सगुणानेच ठेवला, नवऱ्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून. मग शेजारणी ठेवू लागल्या. आणि मग काय झालं, ते तिलाही सांगता आलं नसतं. धाकू गेला तेव्हा ती इथे येऊन बसली. हर्षित हॉस्पिटलात होता तेव्हा तिनेही याच दगडापुढे पदर पसरला, तो कुठून आला हे पक्कं ठाऊक असताना. तेव्हा ती त्याला दगड म्हणू शकत नव्हती. आता म्हणायची वेळ आली होती. म्हटलं तर नवरा लबाड ठरणार, आणि धाकट्या लेकाच्या हातातला देव जाणार. नाही म्हटलं, तर म्हाताऱ्याने ज्यासाठी राखणदार ठेवला तेच काम बुडणार. राखणदार मालकालाच आत घेईना, असा हा प्रकार.

सगुणाबाई खुर्चीतून उठल्या. कुणी तरी हात द्यायला गेलं, तो त्यांनी झटकला.

"सायब, लिवू नका. यो देव माज्या मालकानं बसवलाय. उघारीवरचा दगर हाय त्यो. डंपर अरवाला ठेवलेला. तलावाचीच जागा राखाला."

विनीतचं पेन थांबलं.  शिवराम पुढे झाले आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाले, आई, लोकांत कशाला. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून सगुणाबाईंनी सगळं सांगितलं, नखांतल्या शेंदरासकट. दर्शनाला वाटलं, झालं, सुटलो. तिला मढवींचं घर अजून कळलंच नव्हतं. पहिल्या ओळीतली एक बाई हात जोडून म्हणाली, म्हणजे देवानेच त्यांना बुद्धी दिली. दुसरी म्हणाली, उघाडीवर त्याने गावाचं पाणी राखलं, मग जमीन राखली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एवढं ऐकल्यावर खारोबा आधीपेक्षा जागृत झाला होता. मधुकाका डोकं धरून खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच हरकतीचं काही न विचारता पाणी मागितलं.

 बाळकाका देवाच्या बाजूला तसाच उभा होता, हात शेंदराने लाल.

"मना ठाव हाय, आये," तो म्हणाला.

सगुणाबाई त्याच्याकडे वळल्या.

"एकट्यानं उचलला असता क बाबांनी यो दगर? दुसरं टोक मी धरलेला. कोनाला सांगू नको बोलले, नाय सांगितला. तुला पन नाय." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं, साध्या मराठीत बोलू लागला. "हॉस्पिटलात काचेच्या बाहेर उभा होतो. डॉक्टर म्हणाला देवाचं नाव घ्या. कुठल्या देवाचं घेऊ? माझी कुठल्या देवाशी ओळख? एकच देव माझ्या खांद्यावरून आलेला. येऊन त्याला म्हटलं, तुला मी उचलून आणलाय, आता माझ्या पोराला तू उचल. बस. एवढंच म्हणत बसलो. आणि त्याने उचलला. दगड आहे ते मला शिकवू नका. मला सगळ्यांच्या आधीपासून माहीत आहे."

दर्शनाकडे या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर उत्तर तयार असे. काका अडाणी आहे यावर होतं, काकाला मिरवायचंय यावर होतं, सासऱ्यांनी पाठीत सुरा खुपसला यावर तर दोन होती. पण दोन वर्षं ती या माणसाशी भांडत होती आणि तो नेमका कशाला धरून बसलाय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला. ती त्याच्याजवळ गेली.

"काका, त्यानेच उचललं असेल. मी नाही म्हणत नाही. पण उचलायला तो पोकलेनवाला डबा खात बसला होता म्हणून. पुढच्या वेळी कुणाचं तरी पोर उतरेल आणि तिथे कुणीच नसेल. पोरं उतरणारच, काका. तुम्ही हर्षितला अडवाल, बाकीच्यांना कोण अडवणार? इथे काठावर एक माणूस बसेल. पोरं पाण्यात असेपर्यंत उठणार नाही. त्याचं कामच ते."

बाळकाकाने हाताला लागलेला शेंदूर धोतराला पुसला. 

"पोहता येतं का बघतात त्याला ठेवताना?"

"परीक्षा घेतात."

"दोन ठेवा," काका म्हणाला. "एक जेवायला गेला तर?"

विनीत घाईने म्हणाला की नियमात दोनच असतात. तसं नियमात असेल की नाही कोण जाणे, पण दर्शनाला त्या क्षणी तो पोरगा फार आवडला.

मग काकाने देवाची शेवटची पूजा केली, नारळ फोडला, आणि चिकटून बसलेल्या दोन्ही कळ्या स्वतःच्या हाताने काढून पाण्यात सोडल्या. शिवराम जागे झाले आणि त्यांनी मोठ्याने जाहीर केलं की खारोबाची स्थापना गावदेवीच्या आवारात होईल, त्याला आपण परवानगी देत आहोत. गावदेवीचं देऊळ त्यांचं नव्हतं, पण ते आता कुणी काढलं नाही. चार तरुण दगडाला भिडले. दगड हलेना. जोर लावून त्यांचे चेहरे लाल झाले, एकाच्या बोटाला लागलं. बाळकाकाने सगळ्यांना बाजूला केलं आणि हर्षितला हाक मारली.

"तू ये. खाली डाव्या अंगाला खोबण आहे, तिथे बोटं घाल. मी इकडून धरतो. मी सांगेन तेव्हाच उचल."

बापलेकांनी दगड उचलला. सगुणाबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पण काय म्हणताहेत ते कुणाला कळलं नाही. दगड टेम्पोत गेला, मागून बायका गेल्या. राहिलेल्यांनी जेवायच्या ओळी परत मांडल्या, कारण निवलेलं का होईना, अन्न वाया कसं घालवायचं? विनीतने पंचनाम्यावर काकाची सही घेतली, मग शिवरामची, मग सगुणाबाईंचा अंगठा. त्या सही करू शकत होत्या, पण कागद सरकारी असला की अंगठाच द्यायचा असा त्यांचा हट्ट.

माप घ्यायचं राहिलं होतं. विनीतने टेप ओढली आणि दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून पाहिलं. बाळकाका पुढे झाला. दगड निघाला होता तिथे जमिनीत ओला खळगा पडला होता. त्याच्या कडेवर उकिडवा बसून त्याने टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलं. विनीत भिंतीपर्यंत गेला, लांबी लिहिली, रुंदी लिहिली, परत आला.

"खोल किती करणार?" काकाने विचारलं.

"साधारण साडेचार ते सहा फूट, काका. एका टोकाला जास्त. मॅडमची तशी मागणी आहे, स्पर्धा घ्यायच्या तर."

मागणी खरीच होती. त्या सहा फुटांसाठी दर्शना तीन साहेबांशी भांडली होती, एकाला तर तिने लेखी उत्तर द्यायला लावलं होतं.

काका खळग्यात बघत होता. पलीकडे हर्षित परत आलेल्या टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून हात धूत होता, बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतून.

"चारच करा," काका म्हणाला.

विनीतने दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने होकाराची मान हलवली, आणि त्याने वहीत चार लिहिलं.